आपल्या आवारातली झाडे : मूळ, खोड आणि पान

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी समितीने मला सांगितले, "सर, झाडांवर काहीतरी बोला." तीसेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला असे मोकळे रान मिळाले की तो घंटा झाल्याशिवाय थांबत नाही, हे समितीला ठाऊक असावे. म्हणून वीस मिनिटांची अट घातली आहे. तेवढ्या वेळात मी मूळ, खोड आणि पान हा शाळेतला धडा घेणार आहे. फक्त झाड पुस्तकातले नाही, आपल्या आवारातले.

त्याला कारण आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे आवारातले पेव्हर ब्लॉक नव्याने बसवण्याचा विषय आहे. ब्लॉक उचकटले आहेत, ज्येष्ठ मंडळी अडखळतात, पावसाळ्यात पाणी तुंबते. काम व्हायलाच हवे. पण त्याच आवारात आपली चौदा मोठी झाडे उभी आहेत : चार नारळ, तीन आंबे, दोन कडुनिंब, दोन गुलमोहर आणि एकेक जांभूळ, बदाम नि सोनचाफा. बहुतेक सगळी ताबा मिळाला त्या वर्षी लावलेली. म्हणजे तीही पंचविशीतच. सभेत हात वर करायचा अधिकार त्यांना नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी बोलतो.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. मुलांनो, सांगा पाहू, बटाटा म्हणजे मूळ की खोड? जमिनीखाली येतो म्हणून सगळे 'मूळ' म्हणतात. पण बटाट्याला डोळे असतात आणि त्या डोळ्यांतून कोंब फुटतात. असे डोळे खोडाला असतात. उसाच्या पेरावर तुम्ही ते पाहिले असतील. म्हणून बटाटा हे खोड. आले, ओली हळद, सुरण, अळकुड्या हीही खोडेच. गाजर, मुळा, रताळे ही मुळे. आणि कांदा? त्याचे पापुद्रे म्हणजे अन्न साठवून जाड झालेली पाने. तळाशी जी चकती आपण कापून टाकतो ते खरे खोड आणि तिला लोंबणाऱ्या मिशा ही मुळे. म्हणजे बटाट्याच्या रश्शात खोड शिजते आणि कांद्याच्या भज्यांत पाने तळली जातात! मातीखाली आहे की वर, यावरून अवयव ठरत नाही, कामावरून आणि रचनेवरून ठरतो.

आता मुळाचे काम बघा. एक काम धरून ठेवण्याचे, दुसरे पाणी आणि क्षार शोषण्याचे. ही दोन कामे झाडाची वेगवेगळी मुळे करतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बुंध्याजवळची मनगटाएवढी जाड मुळे झाड धरून ठेवतात. पाणी पिणारी मुळे केसासारखी बारीक असतात आणि ती असतात लांब, फांद्यांच्या सावलीच्या कडेला, कधी कधी त्याच्याही बाहेर. मुळाच्या अगदी टोकाला एक मूलटोपी असते. माती भेदत जाताना ती टोक जपते. तिच्या किंचित मागे मूलरोम असतात. एकेक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचा बारीक फाटा. पाणी प्रामुख्याने तिथून आत जाते. हे मूलरोम फार तर काही दिवस किंवा आठवडे जगतात. जुने मरतात, नवे येतात. त्यासाठी मुळाचे टोक सतत वाढत राहावे लागते. म्हणूनच पाईप बुंध्याशी लावून पाणी घालण्यापेक्षा सावलीच्या कडेला घातलेले झाडाला जास्त लाभते.

आणखी एक गैरसमज. वर जेवढे झाड, तेवढेच खाली खोल मूळ, असे चित्र आपल्या डोक्यात असते. आंब्याला सोटमूळ असते, ते खोलही जाते. पण मोठ्या झाडाची पाणी पिणारी बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. का? कारण मूळ श्वास घेते. हो, मुळालाही प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. जितके खोल जावे तितकी हवा कमी.

याचा पुरावा आपल्या ठाण्याच्या खाडीवर आहे. ओहोटीच्या वेळी तिवराच्या झाडांखाली बघा. चिखलातून पेन्सिलीसारखे शेकडो खुंट वर आलेले दिसतात. ती मुळेच आहेत. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराने आपली मुळे उलटी, आकाशाकडे वाढवली. त्यांना श्वसनमुळे म्हणतात. तिवराला ही युक्ती साधली. आपल्या आंब्याला ती येत नाही. त्याच्याभोवती माती ठोकून घट्ट केली, वर खडी-सिमेंटचा थर दिला, त्यावर ब्लॉक बसवून रोज गाड्या उभ्या केल्या, तर त्याच्या मुळांना हवाही मिळत नाही आणि पाणीही नाही.

मग काही जण विचारतात, "सर, मुळे गुदमरतात म्हणता, तर ती ब्लॉक उचलतात कशी?" प्रश्न रास्त आहे. खालची माती घट्ट असली की ब्लॉकच्या लगेच खाली थोडी पोकळी, थोडी ओल आणि थोडी हवा उरते. जगण्यापुरते तिथेच मिळते, म्हणून मूळ तिथेच शिरते आणि तिथेच जाड होते. ब्लॉक उचलला जातो तो त्यामुळे. आणखी जाड काँक्रीट घातले तर काही वर्षे शांतता राहील, आणि मग एकतर काँक्रीटला तडे जातील नाहीतर झाड जाईल.

आता खोडाकडे येऊ. खोड म्हणजे नुसता खांब नव्हे, ती दुहेरी वाहतूक आहे. आतल्या लाकडातल्या जलवाहिन्या पाणी वर नेतात. सालीच्या आतल्या बाजूच्या रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर खाली मुळांपर्यंत आणतात. या दोहोंच्या मध्ये एक नाजूक जिवंत थर असतो. खोड दरवर्षी जाड होते ते त्या थरामुळे. सतराव्या शतकात इटलीच्या मार्चेल्लो माल्पीगी या वैद्याने खोडाभोवतीची साल कड्यासारखी काढून पाहिली. कड्याच्या वरचा भाग फुगला, कारण वरून येणारे अन्न तिथे अडले. अशा झाडाची पाने काही काळ हिरवी राहतात, कारण पाणी वर जात असते. पण खाली मुळे उपाशी मरतात आणि मग सगळेच झाड वाळते.

हे सांगण्याचे कारण, गणपतीत आणि दिवाळीत आपण खोडांना रोषणाईच्या माळा तारेने बांधतो. माळ उतरते, तार राहते. खोड जाड होत जाते, तार जागची हलत नाही. चार-पाच वर्षांत ती सालीत रुतते. माल्पीगीने सुरीने केले तेच आपण तारेने करतो, फक्त हळूहळू. गेटजवळच्या कडुनिंबाला अशी एक तार मी स्वतः दाखवतो, कार्यक्रमानंतर या.

मुलांसाठी एक गंमत. खोडावर चार फुटांवर खिळा ठोकला आणि पंचवीस वर्षांनी पाहिला, तर तो किती फुटांवर असेल? चारच फुटांवर! झाड खालून वर ढकलले जात नाही, शेंड्याकडे वाढते. बुंधा फक्त जाड होतो. (म्हणून खिळा ठोकून बघा असे मी सांगत नाही हं!) नारळाची तऱ्हा मात्र निराळी. त्याच्यात तो जाड करणारा थर नसतोच. म्हणून नारळाला सालीची झाक येत नाही आणि चढण्यासाठी पाडलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात. आंब्याची जखम कडेने भरून येते, नारळाची येत नाही. कोयता लावण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

आता पान. पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी हजारो पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी, जशी दाराची दोन फळकुटे. त्या फुगल्या की दार उघडते, सैल पडल्या की मिटते. उघड्या दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, आणि सूर्यप्रकाश, पाणी व हरितद्रव्य यांच्या साहाय्याने पान साखर तयार करते. त्याच दारातून वाफ बाहेर पडते. मुळांनी शोषलेल्या पाण्याच्या शंभर भागांपैकी पंचाण्णवहून अधिक भाग असा हवेत जातो. हा अपव्यय नव्हे. पानातून पाणी उडते, म्हणून खालचे पाणी वर ओढले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडच्या डिक्सन आणि जॉली यांनी हे मांडले. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे मुळापासून पानापर्यंत पाण्याची अखंड दोरीच असते, आणि ती वरून ओढली जाते. आपल्या टाकीत पाणी चढवायला पंप लागतो, वीजबिल येते. नारळ मात्र एक रुपयाही न घेता पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत नेतो.

वाफ होताना उष्णता शोषली जाते. म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आणि जांभळाखाली उभे राहून बघा, सावली दोन्हीकडे असते, गारवा एकीकडेच. मुलांनो, उन्हातल्या एका पानाला पारदर्शक पिशवी बांधा आणि दोन तासांनी पाहा, आत थेंब दिसतील. मग पिशवी आठवणीने काढा.

आता हे तिन्ही जोडा. पान मुळाला जेवू घालते, मूळ पानाला पाणी पाजते, खोड दोघांची ने-आण करते. एकाला इजा झाली की ती दुसरीकडे दिसते. ए विंगसमोरच्या आंब्याचा शेंडा दोन वर्षे वाळतो आहे. सगळे वर बघतात आणि म्हणतात, कीड लागली, छाटून टाका. मला वाटते, खाली बघावे. मुळे कमी पाणी उचलू लागली की ते सर्वांत आधी सर्वांत लांबच्या टोकाला कमी पडते. त्या आंब्याच्या बुंध्याला सिमेंट अगदी चिकटून आहे. बोटभरही माती उघडी नाही.

म्हणून माझी सभेला विनंती आहे. प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती चारही बाजूंनी निदान एक मीटर माती मोकळी ठेवावी. हा आकडा माझ्या मनाचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतले काँक्रीट काढायला सांगितले होते. त्या मीटरच्या पलीकडे ब्लॉक जरूर बसवा, पण वाळूच्या थरावर, फटी ठेवून, खाली काँक्रीट न ओतता. पाणी मुरेल आणि तुंबणेही कमी होईल. बुंध्याजवळची जाड मुळे ठेकेदाराला तोडू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यातल्या पहिल्या वादळात झाड गाडीवर येईल, आणि मग दोष झाडाला देऊ. पडलेली पाने जाळण्याऐवजी त्याच मोकळ्या मातीवर पसरा, मात्र बुंध्याला चिकटवून ढीग करू नका.

याची किंमत आहे, हे मी लपवत नाही. आज पार्किंगचे पट्टे बुंध्यापर्यंत आखलेले आहेत. माझ्या मोजणीप्रमाणे माती मोकळी ठेवल्यास तीन दुचाकींची जागा जाईल. त्या तिघांत एक गाडी माझी आहे. ती मी कुंपणाच्या भिंतीकडे लावायला तयार आहे, थोडे चालावे लागेल इतकेच. बाकी दोघांशी बोलायचे काम माझ्याकडे द्या.

शेवटी एक हिशेब. झाडे तोडण्यावर बंधन घालणारा आपल्या राज्याचा कायदा १९७५चा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्ष मानण्याचे ठरले. आपली झाडे आज पंचवीस वर्षांची आहेत. म्हणजे सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला ती हेरिटेज होतील. तेव्हा मी असेन-नसेन, पण सतरंजीवर बसलेली ही मंडळी खुर्च्यांवर बसलेली असतील. त्यांच्या डोक्यावर मांडव घालावा लागेल की आंब्याची सावली पुरेल, हे पुढच्या सभेत आपण कुठे हात वर करतो त्यावर आहे.

वीस मिनिटे झाली. घंटा व्हायच्या आत थांबतो.