मार्जरी साइक्स आणि सेवाग्राम

मिशनच्या शाळेंत शिकवावयास परदेशीं जाणें हें साहस खरेंच. परंतु तेथें पुन्हां विद्यार्थी होण्यास त्याहून अधिक धैर्य लागतें.

केंब्रिजची पदवी घेऊन मार्जरी साइक्स १९२८ सालीं मद्रासला आल्या, तेव्हां त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. लंडन मिशनरी सोसायटीच्या बेंटिंक कन्याशाळेंत शिकवितां शिकवितां त्या तामीळ शिकल्या. पुढें शांतिनिकेतनांत बंगाली शिकून त्यांनीं रवींद्रनाथांच्या नाटकांचा इंग्रजी अनुवाद केला.

१९४७ नंतर अनेक इंग्रज मायदेशाची वाट धरीत असतां, १९४९ सालीं ह्या बाई वर्ध्याजवळील सेवाग्रामीं आल्या. १९३७ च्या वर्धा परिषदेंतून निघालेल्या ‘नयी तालीम’साठीं शिक्षक तयार करण्याचें काम त्यांजकडे आलें. तेथें विद्या आधीं हातांतून यावयाची. सूत कांतावें, आंगण झाडावें, रांधावें आणि धाग्यांच्या मोजणींतूनच गणित शिकावें, अशी तेथील रीत. जो गुरुजी स्वतः झाडू धरीत नाहीं, त्यानें मुलांस श्रमाची थोरवी कोणत्या तोंडानें सांगावी?

सुमारें दहा वर्षें त्यांनीं तेथें काम केलें. १९९५ सालीं त्या निवर्तल्या. शिकवावयास आलेल्या ह्या विदुषीनें आधीं स्वतः शिकून घेतलें. म्हणूनच त्यांची शिकवण वर्ध्याच्या मातीस परकी वाटली नाहीं.