भाड्याच्या जीपमधील अपघात : आधी उपचार, त्याच दिवशी नोंद
(रुग्णालयाच्या आरोग्य प्रबोधन कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. चौदा तालुक्यांच्या या विस्तारात प्रत्येक वाडीवर, प्रत्येक वेळी एस.टी. मिळेलच असे नाही. बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जाणारा माणूस मग नाक्यावर उभ्या असलेल्या काळी-पिवळी जीपमध्ये किंवा सहा आसनी रिक्षात बसतो. शिर्डी आणि शनिशिंगणापूर येथे येणारे भाविकही भाडे वाटून घेऊन प्रवास करतात. त्यातच गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात. १३ जानेवारी २०२३ रोजी सिन्नर-शिर्डी मार्गावर पाथरे परिसरात भाविकांची खासगी बस आणि मालट्रक यांची धडक होऊन दहा जणांना प्राण गमवावे लागले, हे आपल्या स्मरणात असेलच. अशा प्रवासात दुखापत झाल्यास काय करावे, हा आजचा विषय आहे.

एस.टी.च्या प्रवाशाच्या खिशात तिकीट असते. जीपच्या प्रवाशाजवळ काहीच नसते. शेजारी कोण बसले होते हेही त्यास ठाऊक नसते. ‘मी या गाडीत होतो आणि ही इजा याच अपघातात झाली’ हे पुढे सिद्ध करण्यास त्याच्याजवळ एकच आधार उरतो, तो म्हणजे पहिल्या दिवशी झालेली लेखी नोंद. म्हणून माझे सांगणे एका वाक्यात असे की, उपचार आधी, आणि नोंद त्याच दिवशी.

प्रथम उपचाराचा विचार करू. अपघात होताच १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पोलिसांसाठी ११२, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरावी. हळद, माती वा चुना भरू नये. मानेस किंवा पाठीस मार लागल्याची शंका असेल आणि आग वा वाहतुकीचा धोका नसेल, तर जखमीस ओढून काढू नये. हातपाय धरून उचलल्याने मणक्याची इजा वाढून कायमचे अपंगत्व येऊ शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. मोडलेला अवयव चोळू नये. आहे त्या स्थितीत फळीचा आधार देऊन तो स्थिर ठेवावा.

आपल्याकडे ‘मुका मार’ असा एक शब्द आहे. रक्त दिसत नाही, म्हणून माणूस कपडे झटकतो आणि दुसऱ्या जीपने घरी जातो. परंतु दाटीवाटीने बसलेल्या प्रवाशाच्या पोटास समोरच्या आसनाचा दांडा लागला असता पानथरीस किंवा यकृतास इजा होऊन आत हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो. डोक्याच्या मारातही कवटीखाली रक्त साचण्यास काही तास लागतात. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे, वाढती डोकेदुखी, पोट कडक होणे, घाम सुटून चक्कर येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. लक्षण नसले तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी आणि आवश्यक तर धनुर्वाताची लस घ्यावी.

जखमीस आणणाऱ्यांना अजूनही पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते. ही भीती आता अनाठायी आहे. १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायदेशीर सोपस्कारांसाठी न थांबता जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यास जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल जबाबदार धरता येत नाही आणि त्याच्यावर आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

आता नोंदीकडे वळू. रुग्णालयात आल्यावर डॉक्टर ‘काय झाले?’ असे विचारतात. हा प्रश्न केवळ उपचारापुरता नसतो. त्याचे उत्तर एम.एल.सी. नोंदवहीत लिहिले जाते आणि पोलिसांकडे जाते. येथे आपल्या ग्रामीण जीवनाची एक अडचण उभी राहते. चालक गावातलाच, ओळखीचा, कधी नात्यातला असतो. त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ नये म्हणून जखमी अथवा त्याचे नातेवाईक ‘पायरीवरून पडलो’ असे सांगतात. ही माणुसकी समजण्यासारखी आहे. परंतु दोन महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते, बचत संपते, आणि तेव्हा भरपाई मागावी तर पहिल्या कागदावर ‘पायरी’ लिहिलेली असते. तो शब्द पुसता येत नाही. वाहनाचा विमा असेल तर भरपाई सहसा विमा कंपनी देते, चालकाच्या घरातून ती काढली जात नाही, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून वाहनाचा प्रकार व क्रमांक, अपघाताचे ठिकाण व वेळ आणि आपण प्रवासी होतो ही गोष्ट स्पष्ट सांगावी. लिहिलेले वाचून घ्यावे.

पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून प्रथम खबर अहवालाची प्रत घ्यावी, ती विनामूल्य मिळते. जखमी अंथरुणावर असेल तर त्याचा जबाब रुग्णालयात घेता येतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यावयाचा असतो. जखमींच्या यादीत आपले नाव आहे ना, हे नातेवाइकांनी पाहावे. वाहनांची छायाचित्रे आणि सहप्रवाशांचे भ्रमणध्वनी क्रमांक त्याच दिवशी मिळवावेत.

भरपाईचा अर्ज कलम १६६ खाली करावयाचा. अपघाताच्या ठिकाणच्या किंवा आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो करता येतो. दुरुस्त कायद्याने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती कटाक्षाने पाळावी. दोन वाहनांची धडक झाली आणि दोन्ही चालकांचा दोष असला, तरी प्रवासी संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाकडूनही मागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आहे. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देण्याची तरतूद कलम १६४ मध्ये आहे. परंतु ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. म्हणून कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता असेल तर सल्ल्यावाचून सही करू नये. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळू शकतात. तो अर्ज महसूल विभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावा लागतो.

मात्र विम्याच्या छत्रासही मर्यादा आहेत, आणि त्या गाडीत बसण्यापूर्वीच माहीत असाव्यात. ४२ प्रवाशांची परवानगी असलेल्या बसमध्ये ९० प्रवासी होते, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठरविले की, विमा कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या प्रवाशांच्या संख्येपुरतीच राहते. जीपच्या मागे लोंबकळणाऱ्या प्रवाशाने याचा अर्थ समजून घ्यावा. २००२ च्या निर्णयानुसार मालवाहू वाहनातून जाणाऱ्या विनाभाडे प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर येत नाही. लग्नाला पिकअपमधून किंवा छोट्या हत्तीतून जाणाऱ्या वऱ्हाडाने हे विसरू नये. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालत असेल, तर परवान्याचा मुद्दा काढून कंपनी हरकत घेते आणि दावा लांबतो. भ्रमणध्वनीवरून मागविलेल्या गाडीत प्रवासाची नोंद आपोआप राहते. ती पुसली जाण्यापूर्वी तिचे छायाचित्र जपून ठेवावे.

खर्चाची चिंता सर्वांनाच असते. केंद्र शासनाने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेत रस्ता अपघातातील जखमीस निर्देशित रुग्णालयात, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनारोकड मिळू शकतात. रुग्णालय निर्देशित आहे काय, तसेच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात काय, याची चौकशी दाखल होतानाच करावी. देयके, क्ष-किरण चित्रे, डिस्चार्ज कार्ड व औषधांच्या पावत्या एका पिशवीत तारीखवार लावाव्यात. कामावर किती दिवस जाता आले नाही, याची नोंद ठेवावी. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमाचेही मोल भरपाईत धरले जाते. ‘मला कुठे पगार आहे’ असे म्हणून भगिनींनी मागे राहू नये.

शेवटी एक सावधगिरी. अपघातानंतर दोन-चार दिवसांत कोणी काही हजार रुपये पुढे करतो आणि ‘आमची तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतो. इजेचा पुरता अंदाज येण्यापूर्वी अशी सही करू नये, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. रुग्णालयाच्या दारात दावा मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थांपासूनही दूर राहावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

मोडलेले हाड सांधण्याचे काम आमचे. परंतु त्या हाडावर अवलंबून असलेला संसार सावरण्यास बऱ्याचदा पहिल्या दिवशीचा तो एक कागद उपयोगी पडतो. तो खरा आणि पूर्ण लिहिला जावा, याची काळजी डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि नातेवाईक या सर्वांनी मिळून घ्यावी, अशी विनंती करून आणि आपणा सर्वांचा प्रवास सुखरूप होवो अशी शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.