संगणकातील रकाने आणि आपली नोंद

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. पाहणीतून गोळा केलेली माहिती संगणकात भरताना तिचे रकाने कसे तयार करावेत, एवढाच तो आहे. परंतु आपल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कितीतरी विद्यार्थी पदवीच्या प्रकल्पासाठी वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रश्नावल्या भरून आणतात. त्या कष्टाचे सोने होते की माती, हे या रकान्यांवर ठरते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

संख्याशास्त्राच्या कामासाठी एसपीएसएस नावाची आज्ञावली महाविद्यालयांत सर्रास वापरली जाते. १९६८ साली अमेरिकेत ती प्रथम तयार झाली आणि २००९ साली आयबीएम या कंपनीने ती विकत घेतली. ती महाग आहे. परंतु तिच्याच धर्तीवरची पीएसपीपी ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि विद्यार्थ्यांच्या कामाला ती पुरते. दोन्हींत दोन पाने असतात. एका पानावर माहिती भरायची. आडवी ओळ म्हणजे एक घर किंवा एक माणूस, आणि उभा रकाना म्हणजे एक प्रश्न. या रकान्याला व्हेरिएबल, म्हणजे मराठीत 'चल' म्हणतात. दुसऱ्या पानावर त्या चलांचे गुणधर्म लिहायचे असतात: त्याचे नाव काय, तो अंक आहे की अक्षरे, त्याचे पूर्ण लेबल काय, १ म्हणजे काय व २ म्हणजे काय, कोणते उत्तर 'मिसिंग' धरायचे, आणि मोजमाप कोणत्या प्रकारचे. बहुतेक विद्यार्थी पहिले पान उघडून भराभर आकडे भरू लागतात. दुसरे पान मात्र कोरे राहते. आमच्या मते काम उलट्या क्रमाने व्हायला हवे. घरोघर जाण्यापूर्वीच दुसरे पान भरून झाले पाहिजे.

आता आपल्याच गावाच्या नावाचे उदाहरण पाहा. एखाद्याने तालुक्याच्या रकान्यात नुसते 'कर्जत' असे लिहिले. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, एक आपला आणि दुसरा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात. राज्यभराची माहिती एकत्र केली की भातशेतीचा कर्जत आणि ज्वारीचा दुष्काळी कर्जत संगणक एकाच गठ्ठ्यात बांधतो. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. १ जानेवारी १९८१ पर्यंत आपण कुलाबा जिल्ह्यात होतो. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत आपला जिल्हा ज्या स्पेलिंगने येतो, त्याच स्पेलिंगचा एक जिल्हा छत्तीसगडमध्ये आहे. म्हणून जनगणना नावावर विसंबत नाही, संकेतांक वापरते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा अंक २७ आणि रायगडचा ५२० होता.

पण अंक आला म्हणजे गणित करता आलेच असे नाही. कर्जतचा पिनकोड ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२ आणि खोपोलीचा ४१०२०३. कर्जत आणि खोपोली यांची सरासरी काढा म्हटले की संगणक निमूटपणे खालापूर असे उत्तर देईल! हसू येते, पण धर्म, जात, शिक्षणाचे माध्यम यांना दिलेल्या अंकांची सरासरी काढून ती तक्त्यात छापणारे प्रबंध निघतात. म्हणून 'मेजर' नावाच्या रकान्यात तीन पर्याय असतात. नॉमिनल म्हणजे नुसते नाव. ऑर्डिनल म्हणजे क्रम, जसे निरक्षर, प्राथमिक, माध्यमिक. आणि स्केल म्हणजे खरे मोजमाप, जसे वय, मजुरी, जमिनीचे गुंठे.

सर्वांत जास्त जपायचा गुणधर्म म्हणजे 'मिसिंग'. जमिनीचे उदाहरण घेऊ. समजा पाच घरांना जमीन विचारली. तिघांनी २०, ४० व ६० गुंठे सांगितले. चौथे घर भूमिहीन, तेथे ०. पाचवे घर बंद होते, तेथे विद्यार्थ्याने ९९९ लिहिले. ९९९ म्हणजे 'माहिती नाही' हे संगणकाला सांगितले नाही, तर सरासरी २२३.८ गुंठे येते. प्रत्येक घर साडेपाच एकरांचे धनी! सांगितले, तर चार घरांची सरासरी ३० गुंठे येते, आणि ती बरोबर आहे. येथवर चूक डोळ्यांत भरते, म्हणून ती सापडते. परंतु कोणी घाईत ० हे उत्तरही मिसिंगमध्ये टाकले, तर सरासरी ४० गुंठे येते. हा आकडा दिसायला अगदी शहाणा दिसतो, त्याच्यावर कोणी शंका घेत नाही, आणि भूमिहीन घर हिशेबातून निघून गेलेले असते. वस्तीतले सर्वांत गरीब घर वगळले की वस्ती कागदावर श्रीमंत होते. शून्य हे उत्तर आहे. ज्याच्याकडे काही नाही त्याने दिलेले ते पूर्ण उत्तर आहे.

(जाता जाता सांगावेसे वाटते, की जमीन लहान की मोठी हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, तिच्यावर लागणारे श्रम व भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते, असे प्रतिपादन डॉ. बाबासाहेबांनी १९१८ सालच्या आपल्या निबंधात केले होते. आकडेमोडीपूर्वी व्याख्या तपासण्याची ती शिस्त विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी.)

न मिळालेल्या उत्तरांतही भेद ठेवावा. एसपीएसएसमध्ये मिसिंगचे तीन वेगळे अंक देता येतात. 'उत्तर दिले नाही' ९९७, 'प्रश्न लागू नाही' ९९८, 'घर बंद' ९९९ असे ठरवावे. चौकट नुसती रिकामी सोडली तर तेथे एक टिंब दिसते, आणि ते का रिकामे राहिले हे पुढे कोणालाच कळत नाही.

या ठिकाणी एका शब्दापासून सावध राहावे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. बेपत्ता याला इंग्रजीत मिसिंगच म्हणतात. उद्या कोणी विद्यार्थी या घटनेचा अभ्यास करील आणि शब्दाला शब्द जुळवून ही नोंद मिसिंगच्या रकान्यात टाकील, तर ५७ माणसे टक्केवारीतून पुन्हा एकदा नाहीशी होतील. तेथे 'बेपत्ता' हे उत्तर आहे, त्याला स्वतःचा अंक हवा. शिवाय जनगणनेचे गावनिहाय तक्ते महसुली गावांचे असतात, ठाकरवाडी-कातकरवाडी यांना त्यांत वेगळी ओळ नसते. म्हणून आपल्या पाहणीत गाव आणि वाडी असे दोन चल ठेवावेत.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या रकान्याकडे येतो, तो म्हणजे धर्म आणि जात. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध म्हणून २,४८७ जणांची नोंद होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर लोकांनी स्वतः उत्तर बदलले, म्हणून आकडा बदलला. पण दुसरा एक बदल पाहा. १९८१ साली राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ४५ लाख, म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास होती. १९९१ साली ती सुमारे साडेसत्त्याऐंशी लाख, म्हणजे ११ टक्के झाली. राज्याची एकूण लोकसंख्या सव्वा पटीने वाढली असताना हा आकडा जवळजवळ दुप्पट कसा झाला? मुख्य कारण असे, की १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, आणि १९५६ पासून शीख, एवढ्याच धर्मांच्या व्यक्ती अनुसूचित जातीत मोजल्या जात. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले की माणूस जातीच्या रकान्यातून गळत असे. १९९० च्या दुरुस्तीने त्यात बौद्ध आले. माणसे तीच, घरे तीच. बदलली ती रकान्याची व्याख्या.

आपल्या आदिवासी बांधवांचेही असेच झाले. पूर्वी ठाकूर-ठाकर जमातीची गणना ठराविक तालुक्यांतच अनुसूचित जमातीत होत असे. त्या तालुक्यांत कर्जत आणि खालापूर होते, राज्यातील बरेचसे नव्हते. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठली आणि राज्यातील जमातींचा आकडा १९७१ च्या साडेएकोणतीस लाखांवरून १९८१ मध्ये सुमारे ५८ लाखांवर गेला. ही दोन वर्षे शेजारी ठेवून 'लोकसंख्यावाढीचा स्फोट' असे लिहिणारा आकडे खरे देतो आणि गोष्ट खोटी सांगतो.

म्हणून आमचा आग्रह असा, की धर्म, जात आणि प्रवर्ग हे तीन वेगळे चल ठेवावेत. लोक सांगतील ते आधी जसेच्या तसे अक्षरांत लिहून घ्यावे. कोणी बौद्ध सांगेल, कोणी नवबौद्ध, कोणी जातीचे नाव, कोणी नुसते एस.सी. भरणाराही कधी 'बौद्ध' तर कधी 'बौध्द' लिहील, आणि संगणकाला ती दोन निराळी उत्तरे वाटतील. कातकरी आणि काथोडी यांचेही तसेच. हे सारे एका अंकाखाली आणायचे ते नव्या रकान्यात, मूळ रकाना न पुसता. कोणी कोणाला कशात धरले, हे नंतर तपासता आले पाहिजे. २०२१ ची जनगणना झाली नाही. जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा पुढील जनगणनेचा संदर्भदिन ठरला असून तिच्यात जातनिहाय नोंद करण्याचाही निर्णय झालेला आहे. तेव्हा प्रगणक दारात आल्यावर धर्माच्या आणि जातीच्या प्रश्नाला वेगवेगळे, स्पष्ट उत्तर द्यावे आणि त्याने काय नोंदवले ते विचारून घ्यावे. मंडळाच्या सभासदांनी ही गोष्ट घरोघर सांगावी.

राहिलेल्या गोष्टी लवकर सांगतो. चलाच्या नावात मोकळी जागा चालत नाही आणि त्याची सुरुवात अक्षराने व्हावी लागते. नाव छोटे ठेवावे; लेबल मात्र मराठीत, प्रश्नाच्या पूर्ण शब्दांत लिहावे. माणसांची नावे फाइलमध्ये घालू नयेत, घराला क्रमांक द्यावा. फाइल साध्या मजकुराच्या रूपात दुसऱ्याला दिली की लेबले मागे राहतात, नुसते अंक जातात. म्हणून सर्व संकेतांकांची यादी छापून प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्याबरोबर बांधावी.

आणि एक चल प्रत्येकाने न चुकता ठेवावा, तो म्हणजे भेटीचा महिना. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत 'घर बंद' लिहिलेल्या वाडीला जुलैत पुन्हा एकदा जावे, आणि दुसऱ्या भेटीसाठी वेगळा रकाना आधीच आखून ठेवावा.