तहाची रेघ आणि उल्हासनगरच्या बराकी



मोठे युद्ध संपले म्हणजे तोफा थंडावतात आणि तहाच्या मेजावर नकाशे उलगडले जातात. 1920 च्या ट्रियानॉनच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश गेला. 1923 साली लोझान येथे ग्रीस व तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल मान्य केली. तिचा निकष धर्म हा होता. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात धाडले गेले.

हा इतिहास केवळ युरोपचा आहे असे मात्र नव्हे. कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरकडे जाणारी लोकल ज्या उल्हासनगरातून जाते, ते नगरही अशाच एका फेरआखणीचे अपत्य आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने येथे लष्करी छावणी उभारली. युद्ध संपले, सैनिक गेले आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले जवळजवळ एक लाख निर्वासित राहू लागले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसविली. बदलापूरकडून वाहत येणाऱ्या उल्हास नदीचे नाव तिला मिळाले.

युद्धाने साम्राज्य खिळखिळे केले होते. ब्रिटन हिंदुस्थानचेच शंभर कोटी पौंडांहून अधिक देणे लागत होते. परंतु फाळणी कोणत्याही तहाने झाली नाही. ती ब्रिटिश पार्लमेंटच्या 1947 च्या कायद्याने झाली. पंजाब व बंगाल यांच्यासाठी रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखाली सीमा आयोग नेमले गेले. सिंधसाठी आयोगच नव्हता, कारण तो प्रांत अखंड पाकिस्तानात गेला. पंजाबी व बंगाली निर्वासितांना आपल्या भाषेच्या प्रांताचा निदान एक तुकडा भारतात सापडला. सिंधी हिंदूंना तेवढाही सापडला नाही. त्यांची भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली ती 1967 साली.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा हिशेब मांडला पाहिजे. दोन राज्यांमध्ये सरकारी रोकड वाटली गेली. पाकिस्तानच्या वाट्याचे 75 कोटी रुपये ठरले आणि त्यांतील शेवटचे 55 कोटी 1948 च्या जानेवारीत देण्यात आले. कचेऱ्यांतील खुर्च्या-मेजांचीही वाटणी झाली. कराची वा शिकारपूर येथील सामान्य माणसाचे घर मात्र कोणत्याच खात्यावर नव्हते. नुकसानभरपाईचा कायदा झाला 1954 साली, आणि त्यानुसार मंजूर झालेल्या दाव्यांचाही काही अंशच हाती पडला. राज्यांमधील रोकडीचे देणे महिन्यांत फिटले. माणसांचे वर्षानुवर्षे रेंगाळले.

उल्हासनगरच्या निर्वासितांनी बराकींतच संसार थाटले, लहान कारखाने काढले, बाजारपेठ उभी केली. वाढत्या कुटुंबांसाठी जी बांधकामे झाली, त्यांतील असंख्य अनधिकृत ठरली. ती नियमित करण्यासाठी 2006 साली महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. 1947 च्या रेघेने बेघर केलेल्यांच्या नातवंडांपुढे घराच्या हक्काचा प्रश्न पुन्हा उभा राहिला होता.

म्हणून जगात कोठेही तहाची बोलणी सुरू झाली, की कोणता प्रदेश कोणाला मिळाला एवढ्यावर कार्यकर्त्यांनी समाधान मानू नये. तेथे राहणाऱ्यांची घरे, त्यांची मालमत्ता, त्यांचे नागरिकत्व आणि परत जाण्याचा हक्क यांविषयी त्या तहात काय लिहिले आहे, हे प्रथम विचारावे. ही कलमे नसतील, तर त्यांची किंमत पुढे बराकींत राहून फेडावी लागते.