छिंगहाओ : एका चिनी झुडपाची हकिगत
(भाषणाचा मजकूर)



पावसाळा लागला की हुडहुडी भरून येणारा ताप आपल्या ओळखीचा. आपल्या आजोबांच्या काळी त्यावर कोयनेल देत. पुढे क्लोरोक्विन आले. आज फाल्सिपेरम या जीवघेण्या हिवतापावर जी गोळी देतात, तिच्यातील मुख्य औषधाचे मूळ छिंगहाओ नावाच्या चिनी झुडपात आहे. आपला दवणा आणि युनानी हकिमांचे अफसंतीन ही त्याचीच भावंडे.

व्हिएतनाम युद्धात जंगलातले सैनिक हिवतापाने हैराण झाले, क्लोरोक्विन लागू पडेना. तेव्हा चीन सरकारने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त संशोधन हाती घेतले. १९६९ मध्ये पेकिंगच्या तू यूयू नावाच्या बाई त्यात आल्या. त्यांनी जुने ग्रंथ चाळले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओचा गुण एकदा दिसे, पुढच्या खेपेस नाहीसा होई.

बाई पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील वैद्य गे हाँग याने लिहिले होते की मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा. यात काढा उकळण्याचा उल्लेखच नाही! मुलांनो, तुम्ही उताऱ्यात जे आहे तेवढेच वाचता. बाईंनी जे नव्हते तेही वाचले. उष्णतेने गुण जात असावा, असे त्यांना वाटले. ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळतो. त्यात त्यांनी अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये तो उंदरांवर पूर्ण गुणकारी ठरला.

१९७२ मध्ये बाईंनी व दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला, मगच हायनान बेटावरील रुग्णांना दिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वय ८४, डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. मुलींच्या आईबापांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता कोणी म्हणेल, मग झुडूपच लावू आणि काढा पिऊ. तसे करू नका. पानांत औषध किती उतरले आहे याचा भरवसा नसतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही असा काढा घेऊ नये असेच सांगितले आहे. अपुऱ्या मात्रेने काही जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. म्हणूनच हे औषध एकटे न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन दिवस देतात. ताप बहुधा त्याआधीच उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. कंबोडियाच्या पश्चिम सरहद्दीवर या औषधाला दाद न देणारे जंतू २००८ च्या सुमारासच आढळले आहेत.