फिरऔनच्या घरातली आसिया

फिरऔन हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नानीच्या तोंडून. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाज टाकून ती आम्हां पोरांना गोष्टी सांगायची. मिसरचा बादशहा फिरऔन. स्वतःलाच खुदा म्हणवून घेणारा, तान्ही मुलं मारणारा. मूसाच्या आईनं बाळाला पेटीत घालून नाईल नदीत सोडलं आणि ती पेटी नेमकी फिरऔनच्याच वाड्यापाशी लागली. त्याच्या बीवीनं, आसियानं, ते बाळ उचलून घेतलं. गोष्ट संपली की नानी न चुकता म्हणायची, "पोरांनो, फिरऔनच्या घरातसुद्धा आसिया होती, हे विसरू नका."

शाळेत गेल्यावर कळलं, की कंसही तान्ही मुलं मारत होता आणि कुंतीनंही कर्णाला पेटीत घालून नदीत सोडलं होतं. मला फार आनंद झाला. आपल्या नानीची गोष्ट शेजारच्या कुलकर्ण्यांच्या आजीलाही ठाऊक आहे, असं वाटलं.

पण फिरऔन म्हणजे जुलमी राजा, हे मनात पक्कं बसलं होतं. त्यामुळे १९८८ साली, मी बी.ए.ला असताना, नगीब महफूज या इजिप्तच्या लेखकाला नोबेल पारितोषिक मिळालं आणि त्यानं आपल्या लेखनाची सुरुवात फिरऔनांवरच्या कादंबऱ्यांनी केली होती असं वाचलं, तेव्हा मी चक्रावलो. कैरोच्या जुन्या वस्तीत वाढलेला, घरात कुराण ऐकत मोठा झालेला माणूस फिरऔनांविषयी प्रेमानं लिहितो? पुढे त्या कादंबऱ्या इंग्रजीत आल्या आणि मी एकेक करून वाचल्या. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

महफूजनी आपल्या आईविषयी सांगून ठेवलं आहे. ती निरक्षर होती आणि हुसैनच्या मशिदीत नेमानं जायची. हीच बाई लहानग्या नगीबचं बोट धरून त्याला पुराणवस्तुसंग्रहालयात घेऊन जायची आणि ममींच्या दालनात रमायची. तिला यात काही विसंगत वाटत नव्हतं. मशीद तिची होती आणि ममीही तिच्याच होत्या. मला वाटतं, महफूजच्या या कादंबऱ्यांची खरी सुरुवात तिथे आहे.

पहिली कादंबरी १९३९ सालची. पिरॅमिड बांधणारा खुफू राजा भविष्य ऐकतो, की त्याच्या गादीवर त्याचा वंशज नव्हे, तर रा देवाच्या पुजाऱ्याचा नुकताच जन्मलेला मुलगा बसणार आहे. राजा त्याला मारायला निघतो. मरतं दुसरंच निष्पाप मूल. खरा मुलगा वाचतो, मोठा होतो, राजाच्याच सैन्यात चढत जातो आणि शेवटी त्याच राजाचा जीव वाचवतो. ही कल्पना महफूजना एका प्राचीन पपायरसवरच्या कथेत मिळाली. त्या कथेत खुफूपुढे एक जादूगार येतो. कापलेलं मुंडकं पुन्हा जोडता येतं म्हणे! राजा म्हणतो, एखादा कैदी आणा. जादूगार म्हणतो, माणसावर नको. मग बदकाच्या जातीचा एक पक्षी आणला जातो. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम लेखकानं राजाला किती हळूच चिमटा काढला आहे पाहा.

१९४३ सालच्या दुसऱ्या कादंबरीत एक तरुण राजा गणिकेच्या पायी देवळांच्या जमिनी उधळतो आणि शेवटी लोकांचा रोष त्याचा बळी घेतो. तेव्हा इजिप्तच्या गादीवर फारूक हा तरुण राजा होता. वाचकांना जे समजायचं ते समजलं.

इजिप्तवरच्या चांगल्या कादंबऱ्यांचं हे जुनंच वैशिष्ट्य आहे. पोलंडच्या बोलेस्वाफ प्रूस यांची 'फेअरो' १८९५-९६ मध्ये एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. इजिप्त त्यांनी पाहिला नव्हता. तिचा नायक तेरावा रामसेस. इतिहासात रामसेस अकराच झाले. या तरुण राजाला सुधारणा करायच्या असतात आणि पुजाऱ्यांना त्या नको असतात. जमाव देवळावर चालून येतो, तेव्हा सूर्यग्रहण कधी लागणार हे आधीच ठाऊक असलेले पुजारी त्याचाच वापर करून लोकांना घाबरवतात. पोलंड तेव्हा परक्या सत्तांमध्ये वाटला गेला होता. आपल्याकडे हरिभाऊ आपटे 'करमणूक' साप्ताहिकातून ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत होते, तोच हा काळ. आजच्या राज्यकर्त्याविषयी उघड बोलता येत नसलं, की लेखक कालच्या राजाला बोलतं करतो.

आता महफूजची तिसरी कादंबरी. थीब्ज नगरीच्या लढ्याची ही कथा १९४४ साली प्रसिद्ध झाली. इसवीसनापूर्वी सोळाव्या शतकात उत्तर इजिप्तवर हिक्सोस या परक्या राजांची सत्ता होती. त्यांचा राजा दक्षिणेत थीब्जला निरोप पाठवतो, की तुमच्या तळ्यातल्या पाणघोड्यांच्या ओरडण्यानं मला झोप येत नाही, त्यांना मारून टाका. शेकडो मैलांवरून! हा निरोपही महफूजचा नव्हे, जुन्या पपायरसवरचा आहे. थीब्जचा राजा सेकेनेनरे नकार देतो आणि लढाईत पडतो. त्याची ममी सापडली आहे. तिच्या कवटीवर कुऱ्हाडीच्या खुणा आहेत. पुढे त्याच्या वंशातला अहमोस परत येतो आणि हिक्सोसांना हाकलून देतो. एका प्रसंगात शत्रू तटावर इजिप्तच्याच बायकामुलांना ढालीसारखं उभं करतो आणि अहमोसच्या सैनिकांना आपल्याच माणसांवर बाण सोडावे लागतात. ते पान वाचताना माझे हात थरथरले होते. तेव्हा इजिप्तमध्ये इंग्रजांचं सैन्य होतं. हिक्सोस म्हणजे कोण, हे कैरोतल्या कुणालाही सांगावं लागलं नसेल.

मीही अहमोसच्या बाजूनं लढलो. पुस्तक मिटल्यावर मात्र काहीतरी टोचत राहिलं. त्याच सुमारास जिल्ह्याच्या गावी एका कविसंमेलनात मी वेरूळच्या लेण्यांवरची कविता वाचली होती. खाली उतरल्यावर एक सभ्य गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाले, "कविता छानच. पण वेरूळशी तुमचा काय संबंध?" घरी आलो तर चाचा म्हणाले, "बेटा, मूर्तींवर कसली शायरी करतोस?" दोघांचाही प्रश्न एकच होता. त्या रात्री मला वाटलं, थीब्जच्या कादंबरीत मी स्वतःला अहमोस समजत होतो. त्या गृहस्थांच्या कादंबरीत मी हिक्सोस होतो.

उत्खननं पुढे सरकली तशी हिक्सोसांची गोष्टही बदलली. त्यांची राजधानी होती तिथे, नाईलच्या मुखाजवळच्या तेल अल-दाबा इथे, सापडलेल्या हाडादातांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसतं, की हे लोक एका दिवसात चाल करून आलेले नव्हते. बाहेरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत होती, वसत होती. त्यांत बायकाही बऱ्याच होत्या. इथेच जन्मलेल्यांतून ते राजे पुढे आले असावेत. म्हणजे जेत्यांनी ज्यांना परके म्हणून कोरून ठेवलं, त्यांतल्या अनेकांना दुसरं गावच नव्हतं.

महफूजना हे संशोधन पाहायला मिळालं नाही. २००६ साली ते गेले. पण कादंबरीकार म्हणून ते स्वतःच तिथवर पोचले होते. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष सादात यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांचा म्होरक्या ओरडला होता, की मी फिरऔनला मारलं! दोनच वर्षांनी महफूजनी एक पुस्तक लिहिलं. त्यात मेनेसपासून सादातपर्यंत इजिप्तचे राज्यकर्ते ओसायरिस देवाच्या न्यायालयात उभे राहून कारभाराचा जाब देतात. एखाद्याला फिरऔन ठरवून गोळी घालणं सोपं असतं. त्याचं ऐकून घेऊन न्याय करणं अवघड असतं.

आणि १९८५ साली आली अखेनातेनवरची कादंबरी. जुने देव बाजूला सारून एकाच देवाची पूजा सुरू करणारा हा राजा. तो गेल्यावर एक तरुण त्याची ओसाड राजधानी पाहतो आणि त्याला ओळखणाऱ्या चौदा जणांना जाऊन भेटतो. अमून देवाचा मुख्य पुजारी त्याला पाखंडी म्हणतो. कुणी वेडा म्हणतं, कुणी संत. शेवटी त्याची राणी नेफरतिती बोलते. निकाल लेखक देत नाही. चाळीस वर्षांपूर्वी एकाच बाजूनं लढलेला लेखक आता चौदा दारं ठोठावतो. मला त्यांचं हे मोठेपण नोबेलहून मोठं वाटतं.

नोबेलच्या भाषणात त्यांनी आपली ओळख दोन संस्कृतींचा मुलगा अशी करून दिली, एक फिरऔनांची आणि दुसरी इस्लामची. ममींच्या दालनात नेणाऱ्या आईचा मुलगा दुसरं काय म्हणणार? पण हे न पटणारेही असतात. १९९४ साली एका तरुणानं त्यांच्या मानेत सुरी खुपसली. राग त्यांच्या दुसऱ्याच एका कादंबरीचा होता आणि ती त्या तरुणानं वाचलेलीही नव्हती. महफूज वाचले, पण लिहिता हात अधू झाला. तरीही पुढे ते थोडं थोडं लिहीत राहिले.

वेरूळच्या त्या गृहस्थांना मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. आज भेटले तर त्यांना आणि माझ्या चाचांना एका बाजेवर बसवून नानीची गोष्ट सांगेन. फिरऔन ती सगळ्यांनाच ठाऊक असतो. त्याच्या घरातल्या आसियाला शोधायचं, तर त्या घरात शिरावं लागतं. चांगला कादंबरीकार तेच करतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)