कातडीखालचे दोर
(साक्षरता वर्गातील प्रौढ मंडळींपुढे दिलेले भाषण)



आज म्हातारपणाबद्दल बोलू. भिऊ नका, मी औषध विकायला आलो नाही.

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरा. वर ओढा आणि सोडा. शेजारी नातवंड असेल तर त्याचीही ओढून बघा. हळू ओढा, नाहीतर रडेल. पोराची कातडी लगेच जागेवर बसते. आपली सावकाश बसते. असं का होतं?

कातडीखाली बारीक दोर असतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. डॉक्टर लोक त्यांना कोलॅजेन म्हणतात. हेच दोर हाडांत, सांध्यांत, हिरड्यांतही असतात. आपण अंबाडीचा दोर वळतो ना, तसाच हा दोर तीन पदरांचा आणि पीळ दिलेला असतो. वय वाढलं की शरीर नवे दोर कमी वळतं, जुने तुटत राहतात. मग सुरकुत्या पडतात, कातडी लोंबते.

विहिरीवरची चामड्याची मोट जुन्या माणसांना आठवत असेल. ती फाटली की ठिगळ लावावं लागे. मेलेलं कातडं स्वतःला सांधत नाही. आपलं कातडं जिवंत आहे. त्याची डागडुजी आतून रोज चालते. ती थांबली तर काय होतं, ते एका घडलेल्या गोष्टीवरून कळेल.

1740 साली ॲन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची जहाजं लांबच्या सफरीला निघाली. महिनोन् महिने खलाशांना ताजी भाजी नाही, फळ नाही. वाळकी बिस्किटं आणि खारवलेलं मांस, एवढंच. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, माणसं पटापट मरू लागली. त्यांत एक म्हातारा होता. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत त्याला जखम झाली होती. ती कधीच भरून आली होती. तीच जखम जहाजावर पुन्हा उघडली! जुळलेलं हाडसुद्धा सुटलं. म्हणजे बघा, पन्नास वर्षं त्याचं शरीर ती जखम आतून शिवत होतं. शिवण थांबली आणि जखम उसवली.

पुढं 1747 साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं 12 आजारी खलाशी घेतले. दोघा-दोघांना वेगवेगळा पदार्थ दिला. ज्या दोघांना संत्री-लिंबू मिळालं, ते सर्वांत लवकर सुधारले. लिंबातलं क जीवनसत्त्व दोराचा पीळ पक्का करतं. आपलं शरीर ते बनवत नाही, फार दिवस साठवतही नाही. म्हणून ते रोज पोटात गेलं पाहिजे. एका पेरूत दिवसाच्या गरजेहून जास्त असतं. आवळ्यातही भरपूर. लिंबू मात्र वरण चुलीवरून उतरवल्यावर पिळा. उकळत्या वरणात पिळलं तर बरंच सत्त्व जातं.

पण अंबाडीच नसेल तर पीळ कशाला देणार? शरीराची अंबाडी म्हणजे डाळ, दूध, अंडी. दात पडले की म्हातारी माणसं पाण्यात भाकरी कुस्करून खातात आणि घट्ट वरण पोरांना वाढतात. माया खरी, पण असं करू नका. आपल्या हिंगोली जिल्ह्यात शेतोशेत सोयाबीन दिसतं. सगळंच मोंढ्यावर जातं! थोडं घरी ठेवा. चांगलं भाजून दळा आणि ज्वारीच्या पिठात मूठभर मिसळा.

कुणी म्हणेल, गुरुजी, आपल्या वसमतची हळद अंगाला लावली तर? लावा की. पण वरून लावलेली हळद आतले दोर वळून देत नाही. महागाची डबी घेण्यापेक्षा त्या पैशाचे पेरू घ्या.

आता दंडाच्या आतल्या बाजूची कातडी बघा आणि मानेची बघा. दोन्हींचं वय एकच, पण मानेनं ऊन खाल्लं आहे. ऊन दोर तोडतं. खुरपायला जाताना रुमाल, पदर, लांब बाह्या असू द्या. बिडीचा धूरही तेच करतो.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच मी आज मुद्दाम आलो. दोर सैल पडतात, तसे ते आखडतातही. सुपारी आणि गुटखा चघळून गालाच्या आतले दोर जाड होतात, ताठरतात. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. 1953 साली डॉ. एस. जी. जोशी यांनी या रोगावर लिहिलं. पुढं काहींना त्यातून कर्करोग होतो. गुटख्याला महाराष्ट्रात 2012 साली बंदी झाली. तरी पुडी कुठं मिळते, हे आपल्या पोरांना विचारा. आखडलेले दोर पहिल्यासारखे मऊ होत नाहीत. सुपारी लवकर सोडली तर आणखी आखडणं थांबू शकतं.

घरी गेल्यावर हात धुवा. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये उभी घालून बघा. पोरांनाही घालायला लावा. जात नसतील तर सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरला दाखवा. उद्या वर्गात मी प्रत्येकाला विचारणार आहे.